घाट चढायचा नाही, उतरायचा असतो: रॉकी पर्वत, ओढगाड्या आणि कॅम्पर ट्रेलरचा रस्ता

  ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे इथे लिखित स्वरूपात देतोय. बोलीतला सूर बराचसा तसाच ठेवलाय.

आजचा विषय जरा वेगळा आहे. अमेरिकेत राहणारी आपली बरीच मराठी मंडळी उन्हाळ्यात कॅम्पर ट्रेलर घेऊन निघतात. कॅम्पर ट्रेलर म्हणजे काय, तर चाकांवरचं घर. पलंग, ओटा, फ्रिज, न्हाणीघर, सगळं आत. त्याला स्वतःचं इंजिन नसतं, पिकअप ट्रकच्या मागे जोडून ते ओढत न्यायचं. मोठा ट्रेलर ३० फूट लांब असतो आणि त्याचं वजन सहज ३-४ टन भरतं. सपाटीवर काही वाटत नाही. प्रश्न येतो तो रॉकी पर्वत आडवा आला की. कुठल्या खिंडीतून जायचं?

आता आपण काय करतो? फोन काढतो आणि ठिकाण टाकतो. फोन विचारतो, कुठे जायचंय? तुमच्या मागे काय जोडलंय हे तो विचारतच नाही. आणि डोंगरात सगळा फरक पडतो तो नेमका मागच्या ओझ्याने. ही अडचण फोनच्या आधीची, मोटारींच्याही आधीची आहे. म्हणून आज आपण १८० वर्षं मागे जाणार आहोत.

बैलांचा रस्ता

१८४० च्या दशकात अमेरिकेच्या पूर्वेकडची कुटुंबं जमिनीच्या शोधात पश्चिमेला, ओरेगॉन आणि कॅलिफोर्नियाकडे निघाली. कापडी छताच्या गाड्या, त्यांना बैल जुंपलेले, आत पीठ, खारवलेलं मांस, अवजारं, लहान मुलं. म्हणजे ओढून न्यायचं घरच की! नकाशावर सरळ रेघ मारली तर त्यांचे बरेचसे मार्ग आजच्या कोलोराडो राज्याकडून जायला हवे होते. पण ते गेले तिथून बरंच उत्तरेला, वायोमिंगमधून. कारण होतं साउथ पास.

साउथ पास ही खिंड आहे, पण आपल्या डोळ्यांसमोर येते तशी नाही. दोन्हीकडे कडे आणि मधून वाट, असलं तिथे काही नाही. साधारण ७,४०० फुटांवर पसरलेलं मोकळं माळरान आहे. प्लॅट आणि स्वीटवॉटर या नद्यांच्या काठाने हळूहळू चढत यायचं, बैलांना पाणी आणि चारा मिळत राहतो, आणि माथा कधी ओलांडला हे कित्येकांना कळायचंही नाही. रॉबर्ट स्टुअर्ट १८१२ मध्ये इथून गेला, जेडेडाया स्मिथच्या टोळीला ती १८२४ मध्ये पुन्हा सापडली आणि १८३२ मध्ये कॅप्टन बॉनव्हिलने पहिल्यांदा तिच्यातून गाड्या नेल्या. तिथल्या मूळ रहिवाशांना ती अर्थातच आधीपासून ठाऊक होती. घोड्यावरच्या माणसाला दहा खिंडी चालल्या असत्या. गाडीवाल्यांना ही एकच धड चालत होती.

तरी वाटेत उतार यायचेच. नेब्रास्कात विंडलास हिल नावाची टेकडी आहे, जेमतेम ३०० फूट उतरायचं, पण उतार असा की गाडी बैलांच्या अंगावर जायची. मग चाकं साखळीने जखडायची आणि मागून माणसांनी दोर धरून गाडी ओढून धरायची. ओरेगॉनमध्ये १८४६ साली बारलो रोड नावाचा रस्ता सुरू झाला. त्यावरच्या लॉरेल हिलला गाड्यांचे दोर झाडांच्या बुंध्यांना वेढे देऊन सोडत सोडत गाड्या खाली उतरवायचे. काही जण अख्खं झाड तोडून गाडीच्या मागे बांधायचे आणि फरफटत न्यायचे. ते झाड म्हणजे त्यांचा ब्रेक.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. चढ चढताना बैल दमले तर थांबता येतं. दुसऱ्या गाडीचे बैल आणून जोडता येतात. उतारावर गाडी हातची सुटली की संपलं. चढावर चूक झाली तर वेळ जातो, उतारावर चूक झाली तर जीव जातो. आजच्या सगळ्या गोष्टीचं सार हेच आहे.

शॉर्टकट

आणि आता ती प्रसिद्ध गोष्ट. १८४५ मध्ये लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज नावाच्या माणसाने कॅलिफोर्नियाला जाणाऱ्यांसाठी एक मार्गदर्शक पुस्तक छापलं. त्यात त्याने एक जवळची वाट सुचवली होती: नेहमीचा वळसा सोडा आणि ग्रेट सॉल्ट लेकच्या दक्षिणेकडून जा. गंमत अशी, की पुस्तक लिहिलं तेव्हा हा मनुष्य स्वतः त्या वाटेने गेलेलाच नव्हता. पुढच्या वर्षी गेला, तोही घोड्यावरून.

१८४६ मध्ये डोनर आणि रीड कुटुंबांचा तांडा या वाटेच्या मोहात पडला. फोर्ट लॅरमीला त्यांना जेम्स क्लायमन भेटला. तो नुकताच हेस्टिंग्जबरोबर ती वाट उलट दिशेने तुडवून आला होता. त्याने रीडला बजावलं, नेहमीची गाडीवाट सोडू नका. पण जवळची वाट ती जवळची वाट! वॉसॅच पर्वतात शिरल्यावर गाड्यांसाठी रस्ताच नाही असं दिसलं. झाडी तोडत, दगड हलवत सुमारे ३५ मैल जायला त्यांना दोन आठवड्यांहून जास्त लागले. पुढे खारं वाळवंट, तिथे बैल गेले, गाड्या टाकाव्या लागल्या. ऑक्टोबरच्या अखेरीस सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी पोहोचले तर समोर बर्फ. ८७ जणांपैकी जवळजवळ निम्मे त्या हिवाळ्यात दगावले.

डोनर तांड्याची गोष्ट लोक त्यातल्या उपासमारीसाठी आणि नरमांसभक्षणासाठी सांगतात. पण तिचं मूळ मार्गाच्या आखणीत आहे. घोडेस्वाराला जी वाट आहे, ती लादलेल्या गाडीला वाट असेलच असं नाही. नकाशा दोघांना सारखाच दिसतो, म्हणून फसगत होते.

रेल्वेने आकडा दिला

गाडीवाल्यांना जे अनुभवाने कळलं होतं, त्याला रेल्वेने गणितात बसवलं. अमेरिकेच्या आरपार रेल्वे बांधायची ठरली तेव्हा १८६२ च्या कायद्यातच चढाची मर्यादा घातली गेली: एका मैलाला ११६ फुटांपेक्षा जास्त नाही. म्हणजे साधारण २.२ टक्के.

हे टक्क्यांचं प्रकरण एकदा समजून घेऊ. १०० मीटर पुढे गेल्यावर रस्ता ६ मीटर खाली गेला, तर तो ६ टक्क्यांचा उतार. आपल्या ओळखीतलं उदाहरण म्हणजे बोरघाट. १८६३ मध्ये सुरू झालेल्या त्या लोहमार्गाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे २.७ टक्के. अमेरिकेच्या त्या मर्यादेपेक्षा आपला घाट तिखट! म्हणून तर तिथे गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. आणि उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक गेलेच, तर तिला वळवून चढावर थांबवणाऱ्या खास मार्गिकाही तिथे आहेत. म्हणजे आपल्याही घाटात उतरणीचा विचार पहिल्यापासून झालेला आहे. बोरघाटाची वाट शिंगरोबा धनगराने इंग्रजांना दाखवली अशी आख्यायिका आपण सगळ्यांनी ऐकली आहे.

अमेरिकेतही युनियन पॅसिफिक रेल्वेला अशीच एक वाट सापडायची होती. ग्रेनव्हिल डॉज या अधिकाऱ्याला १८६५ मध्ये वायोमिंगमध्ये एक लांबच लांब सोंड दिसली. मैदानातून निघून सरळ डोंगरमाथ्यापर्यंत हळूहळू चढत जाणारी. तिला आज गँगप्लँक म्हणतात, म्हणजे जहाजावर चढायची फळी. रेल्वे तिथून नेली. डेन्व्हर शहर १०० मैल दक्षिणेला बाजूलाच राहिलं. १८६९ मध्ये आरपार रेल्वे पूर्ण झाली तेव्हा डेन्व्हर त्या मार्गावर नव्हतंच. पुढच्या वर्षी त्यांना शायेनपर्यंत आपला फाटा टाकून घ्यावा लागला. कोलोराडोचे डोंगर ओझ्याच्या वाटेत बसत नव्हते, इतका साधा हिशोब होता.

मोटार आली आणि डोंगर लहान वाटू लागला

मग आली मोटार. ती चढते, वळते, आणि महत्त्वाचं म्हणजे तिच्या मागे बहुतेक वेळा काही नसतं. १९१९ मध्ये अमेरिकी सैन्याचा एक ताफा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला गेला. ६२ दिवस लागले. त्यात आयझेनहॉवर नावाचा तरुण लेफ्टनंट कर्नल होता. तोच पुढे राष्ट्राध्यक्ष झाला आणि १९५६ मध्ये आंतरराज्य महामार्गांचा कायदा त्याच्याच सहीने झाला.

त्या महामार्गांच्या मूळ आराखड्यात डेन्व्हरच्या पश्चिमेला रस्ताच नव्हता. आय-७० डेन्व्हरला संपत होता. कोलोराडोला ते कसं चालणार? एडविन जॉन्सन हे तिथले वजनदार नेते, गव्हर्नर आणि सिनेटर राहिलेले. त्यांनी आयझेनहॉवरकडे खटपट करून रस्ता पुढे युटापर्यंत मंजूर करून घेतला. त्यासाठी मुख्य रांगेखालून बोगदा खणावा लागला. पहिली नळी १९७३ मध्ये उघडली, तिला आयझेनहॉवरचं नाव. दुसरी १९७९ मध्ये, तिला जॉन्सनचं. या बोगद्याची उंची ११,१५८ फूट, म्हणजे साधारण ३,४०० मीटर. आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त!

कारवाल्यांसाठी हा सुंदर रस्ता आहे, वाद नाही. पण ट्रेलरवाल्यासाठी? बोगद्यातून पश्चिमेला बाहेर पडलात की सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत साधारण १३ किलोमीटरमध्ये ७०० मीटर खाली यायचं. काही ठिकाणी उतार ७ टक्क्यांपर्यंत.

एक छोटा हिशोब करू. ट्रक आणि ट्रेलर मिळून वजन धरा ७ टन. ७०० मीटर खाली येताना ही गाडी जेवढी ऊर्जा सोडते, तेवढ्यात जवळजवळ १४० लिटर पाणी गार असताना उकळीला आणता येईल. यातला काही भाग हवेच्या विरोधात आणि टायरमध्ये जातो. उरलेला कुठेतरी गेलाच पाहिजे. तो इंजिनाने घेतला नाही तर ब्रेकमध्ये जातो. ब्रेक तापतात, तापले की पकड सुटत जाते. पॅडल दाबलं तरी गाडी थांबत नाही. यालाच ब्रेक फेड म्हणतात.

आय-७० चा आणखी एक उतार डेन्व्हरच्या बाजूला आहे. पूर्वेकडे येताना एका ठिकाणी समोर शहर आणि मैदान दिसायला लागतं, वाटतं आलो खाली. तिथे ट्रकवाल्यांसाठी फलक लावलेत: फसू नका, अजून चार मैल तीव्र उतार आणि वळणं आहेत. २५ एप्रिल २०१९ ला याच उतारावर ब्रेक गेलेला एक मालट्रक खाली रहदारीत घुसला. चार माणसं गेली. वाटेत भरधाव गाड्यांसाठी केलेला वाळू-खडीचा चढा मार्ग होता, तो ट्रक त्यात शिरलाच नाही. चालकाला आधी ११० वर्षांची शिक्षा झाली. त्यावर देशभर चर्चा झाली आणि गव्हर्नरांनी ती १० वर्षांवर आणली. शिक्षेबद्दल मतं वेगवेगळी असतील. पण तो खडीचा मार्ग फक्त मालट्रकसाठी नाही, ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपसाठीही आहे. ब्रेक गेल्यावर ट्रेलरचं नुकसान होईल हा विचार करत बसायचं नाही, सरळ आत घालायची.

चाकांवरचं घर

आता ट्रेलरकडे वळू. या छंदाला ज्याने चेहरा दिला तो वॉली बायम. १९३० च्या दशकात त्याने एअरस्ट्रीम कंपनी सुरू केली. चकाकत्या ॲल्युमिनियमचे, विमानासारखे गोलाकार ट्रेलर तुम्ही चित्रांत पाहिले असतील. १९३६ चा त्याचा क्लिपर हा या घराण्याचा मूळपुरुष.

१९५१ मध्ये बायमने ट्रेलरवाल्यांचा तांडा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत नेला. निघाले ६३ ट्रेलर, निकाराग्वातल्या मानाग्वाला पोहोचले १४. बाकीचे रस्त्यांनी आणि डोंगरांनी गाळले. दुसरा कुणी असता तर नाद सोडला असता. बायमने त्यातून आपले ट्रेलर सुधारले आणि १९५९ मध्ये ४१ ट्रेलर घेऊन केपटाउनहून कैरोला निघाला. इथिओपियाचे डोंगर ओलांडताना त्यांच्या हालांना पारावार नव्हता, पण तांडा पोहोचला. १९४० च्या दशकात नव्हे, १८४० च्या दशकात जे बैलगाडीवाल्यांना कळलं होतं, तेच या मंडळींना पुन्हा कळलं: घर बरोबर असलं की रस्त्याची निवड बदलते.

खिंड निवडायची कशी

मग आज कोणी डेन्व्हरहून सॉल्ट लेक सिटीला ट्रेलर घेऊन निघालं तर? आय-७० ने गेलात काय किंवा वर वायोमिंगमध्ये जाऊन आय-८० धरलात काय, मैलांमध्ये फारसा फरक नाही. पण आय-८० चा सर्वांत उंच माथा ८,६४० फूट आहे, बोगद्यापेक्षा अडीच हजार फूट कमी. आणि तो रस्ता कुठून जातो? त्याच गँगप्लँकवरून, जी डॉजला १८६५ मध्ये दिसली. अर्थात फुकट काही मिळत नाही. वायोमिंगमध्ये वारा असा असतो की हलक्या आणि उंच गाड्यांसाठी महामार्ग बंद करतात. ट्रेलर म्हणजे नेमकी हलकी आणि उंच गाडी. तेव्हा तिकडून जायचं तर उताराऐवजी वाऱ्याचा अंदाज बघून निघायचं.

दुसरं उदाहरण मोंटानाचं. ग्लेशियर नॅशनल पार्कमधला गोइंग-टू-द-सन रोड १९३३ मध्ये सुरू झाला. आधीच्या आराखड्यात एका दरीत १५ नागमोडी वळणं होती. टॉमस व्हिंट यांनी ती टाळून कड्याच्या पोटातून साधारण ६ टक्क्यांचा रस्ता सुचवला. अप्रतिम रस्ता आहे. पण त्याच्या वरच्या भागात २१ फुटांपेक्षा लांब आणि ८ फुटांपेक्षा रुंद गाडीला बंदी आहे, आणि लांबी मोजताना ओढणारी गाडी आणि ट्रेलर एकत्र धरतात. मग ट्रेलरवाले काय करतात? पार्कच्या दक्षिणेकडून, मारियास पासमधून जातात. उंची फक्त ५,२१३ फूट. ही खिंड जॉन स्टीव्हन्स या इंजिनिअरने १८८९ मध्ये ग्रेट नॉर्दर्न रेल्वेसाठी शोधली. पुन्हा रेल्वेच! ट्रेलर तळावर ठेवून पार्कच्या बसने किंवा साध्या गाडीने वर जाऊन यायचं, ही तिथली शहाणी पद्धत.

तिसरं, टीटन पास. वायोमिंग आणि आयडाहोच्या मधली ही वाट १० टक्क्यांपर्यंत उताराची. हिवाळ्यात, १५ नोव्हेंबर ते १ एप्रिल, तिथे ट्रेलरला मनाईच असते. उन्हाळ्यात परवानगी आहे, पण परवानगी आहे म्हणजे जावंच असं नाही. दक्षिणेला स्नेक नदीच्या दरीतून जाणारा लांबचा रस्ता आहे. नदीने हजारो वर्षं डोंगर कापून उतार आधीच कमी करून ठेवलाय, त्याचा फायदा घ्यायचा.

यातून एक सोपी पद्धत निघते. आधी रेल्वे कुठून गेली ते बघा, मग नदी कुठून गेली ते बघा, आणि त्यांच्याजवळचा रस्ता धरा. प्रत्येक खिंडीचे दोन आकडे लिहून घ्या: उतार किती टक्के आणि तो किती मैल सलग. नुसती उंची पुरत नाही. ट्रकचालक आणि ट्रेलरवाल्यांसाठी हीच जंत्री देणारी माउंटन डिरेक्टरी नावाची पुस्तकं मिळतात. गाडीची उंची, लांबी, वजन विचारणारे नकाशेही आता निघालेत, ते वापरा.

चढताना लक्षात ठेवायचं, की साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्क्यांनी घटते. ११,००० फुटांवर तिसरा हिस्सा गेलेला असतो. टर्बो असेल तर बरंच कमी जाते. तेव्हा उजव्या लेनमध्ये सावकाश चढा. उतरताना गिअर माथ्यावरच खाली घ्यायचा, वेग वाढल्यावर नव्हे. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. ठरवलेला वेग गाठला की ठाम दाबून पाचेक मैलांनी कमी करायचा आणि पूर्ण सोडायचा, ब्रेकना गार व्हायला वेळ द्यायचा. ट्रेलरचे स्वतःचे विजेचे ब्रेक असतात. ते चालू आहेत ना, हे निघण्याआधी सपाटीवर तपासायचं. घाट सुरू झाल्यावर तपासणी नसते, परीक्षा असते.

मंडळी, इतिहासाचा रोजच्या जगण्यात काय उपयोग, असं आपल्याला बरेचदा विचारलं जातं. त्याचं हे एक उत्तर. साउथ पासमधून गेलेल्या बायाबापड्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. पण ओझं घेऊन डोंगर कुठे उतरता येतो हे त्यांनी बैलांच्या पायांनी शोधून काढलं. रेल्वेने ते मोजलं आणि महामार्गांनी काही ठिकाणी ते मानलं, काही ठिकाणी नाही. पुढच्या उन्हाळ्यात तुमच्या मागे चाकांवरचं घर असेल आणि त्यात मुलं झोपायची असतील, तेव्हा फोन जे २० मिनिटं वाचवतो म्हणतो, ती कुठल्या उतारावर वाचवतो, एवढं नक्की बघा.

तुमच्यापैकी कुणी ट्रेलर घेऊन रॉकी ओलांडले असतील, तर कुठली खिंड निवडली आणि का, हे जरूर कळवा. पुढच्या भागात भेटूच. तोवर नमस्कार, आणि घाट सावकाश उतरा.